ही बाई आपल्या लेकींना काय शिकवणार?

समोर कुणीही बाई आली की ती आधी तिच्या अंगावरचं कापड चिमटीत धरायची. ओढणी, पदर, कुर्त्याची बाही, जे हाताला लागेल ते. दोनदा चोळायची आणि विचारायची, "वल्लं झालं की किती भरंल हे?"

बायकांना वाटायचं, ही किंमत काढतेय. कुणी सांगायची, "सेलमधलं हाय, स्वस्तात पडलं." कुणी हात झटकायची. तिच्या डोक्यात मात्र वजनाचा हिशेब चालू असायचा. ही बाई उद्या पाण्यात पडली, तर तिचंच लुगडं तिला किती खाली ओढेल?

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर लोकांनी तिचा फोटो तिला न विचारता भिंतीला ठोकला. नाव तरी तिचं तिच्याकडे राहू दे. आमच्या पोरी तिला बाई म्हणायच्या, मीही म्हणायचे.

मी मूळची मेढ्याची. सांगलीत एका महिला संघटनेचं काम करते, म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिते. चार वर्षांपूर्वी आम्ही कुपवाडच्या गॅरेजांतून आणि वर्कशॉपांतून बायकांच्या फोटोंची कॅलेंडरं गोळा केली आणि भर चौकात जाळली. त्यात एका पंप कारखान्याचं फार जुनं, कडा पिवळ्या पडलेलं कॅलेंडर होतं. लाल स्विमसूट घातलेली उंच मुलगी, एक हात कमरेवर, शेजारी सबमर्सिबल पंप. पंपाचं आणि त्या मुलीचं एकमेकांशी काय काम होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मी त्या एका फोटोवर अख्खं पत्रक लिहिलं. शेवटचं वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की ते जाड टायपात घेतलं: 'ही बाई आपल्या लेकींना काय शिकवणार?'

तिसऱ्या दिवशी दुपारी पन्नाशीची एक उंच बाई कार्यालयात आली. आखूड कापलेले, अर्धे पांढरे केस, पायात रबरी चपला, हातात आमचं पत्रक. बसायच्या आधीच तिने माझी ओढणी चिमटीत धरली आणि तो प्रश्न विचारला. मी ओढणी सोडवून घेतली. मग तिने पत्रक टेबलावर ठेवलं आणि जाड टायपावर बोट टेकवलं.

"ह्यातली बाई मी."

मी तिला खुर्ची पुढे केली. पण माघार घ्यायची नाही, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणाले, "आमचा विरोध तुम्हाला नाही. बाजाराला आहे."

"मग बाजाराचा फोटू जाळायचा हुतास की."

मी पत्रक ओढून घ्यायला गेले, तिने बोट उचललं नाही.

"आन अर्धनग्न लिवलंयस. त्या दिवशी थंडी किती हुती ते न्हाई लिवलं. पंप सुदीक कुडकुडत हुता माझ्यासंगं."

ती स्वतःच हसली. मला हसता येईना. माफी मागून घ्यायला ती आलीच नव्हती. तिला मुली हव्या होत्या. शहरातल्या एका जलतरण तलावावर बायकांची वेगळी बॅच सुरू करायची होती आणि तलावाची समिती म्हणत होती, बारा नावांचा अर्ज आणा. तिच्याकडे तीन नावं होती.

"तूच इचारलंयस न्हवं, लेकींना काय शिकवणार? पवायला शिकवणार. नऊ पोरी आणून दे."

मी आठ आणल्या. कुपवाडच्या कारखान्यांत पॅकिंग करणाऱ्या, स्कूटीवरून कामाला येणाऱ्या मुली. त्यांतली सुजाता सगळ्यांत धीट होती. बाराव्या ओळीत मी माझंच नाव लिहिलं. फक्त आकडा भरावा म्हणून.

बाई जत तालुक्यातली. घरी मेंढरं, बोलणं निम्मं कानडी. पाणी म्हणजे टँकर. टँकरचा भोंगा वाजला की हंडा घेऊन पळायचं, एवढाच तिचा पाण्याशी संबंध. शिवणकाम शिकायला सांगलीत मावशीकडे आली, तिथे एका कापडदुकानाला जाहिरातीसाठी उंच मुलगी हवी होती. तो फोटो काढणाऱ्याने तिला मुंबईला नेलं. पुढची दहा वर्षं ती स्विमसूट घालून उभी राहिली. हॉटेलांचे तलाव, समुद्राचे किनारे, बोटी.

त्या फोटोंचा एक खोका तिच्याकडे होता. एकदा तिने तो पोरींपुढे तलावाच्या पायरीवर पालथा केला. म्हणाली, "समद्यांत एक गोष्ट सारखी हाय. वळका."

कुणी म्हणालं लाल रंग, कुणी म्हणालं कमरेवरचा हात. कुणालाच ओळखता आलं नाही. शेवटी तिनेच सांगितलं. एकाही फोटोत पाणी तिच्या गुडघ्याच्या वर नव्हतं. देशभरात पोहण्याचे कपडे विकणाऱ्या त्या पोरीला पोहताच येत नव्हतं!

एकदा फोटोग्राफर म्हणाला, एक पाऊल मागे घे, अजून एक. तिसऱ्या पावलाला तळ संपला. काठावर सहा माणसं होती, दिवे धरून. "एकानंबी उडी मारली न्हाई गं. मारायची तर हातातलं दिवं ठेवायला पायजेत न्हवं." शेवटी तलावातला पाला काढणाऱ्या बाईने लांब दांड्याची जाळी पुढे केली, ती धरून ही बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच तलावावर पहाटे पोहायला शिकायला लागली. तिशीत काम मिळेनासं झालं. मग त्याच हॉटेलांत पंधराएक वर्षं तिने श्रीमंतांच्या पोरांना पोहायला शिकवलं आणि आई आजारी पडली तशी परत आली.

आता त्या कॅलेंडरबद्दल. तुमच्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटलीय, त्यांनी खरं सांगा, कुठे नव्हतं ते? न्हाव्याच्या दुकानात होतं, गॅरेजात होतं, उसाच्या रानातल्या मोटारीच्या खोलीत होतं. साल संपलं तरी कुणी उतरवलं नाही. कारखान्याचे पंप धडाधड खपले. कॉलेजच्या पोरींनी तिच्यासारखे केस कापले आणि घरी मार खाल्ला. फौजेतल्या पोरांनी ट्रंकेच्या झाकणाला आतून तिला चिकटवलं. आणि तिकडे गावात तिच्या भावाचं ठरलेलं लग्न मोडलं. ज्या पाहुण्यांनी मोडलं, त्यांच्या मोटारीच्या खोलीत तेच कॅलेंडर टांगलेलं होतं. बघायला लाज नव्हती त्यांना. सोयरीक करायला होती.

"आईनंबी लावलं हुतं," बाई एकदा म्हणाली. "वर टावेल टाकलेला. तिथी बघायची तेवढं खालनं उघडं. एकदा मी न सांगता गेले, तर टावेल वर करून माज्या फोटूकडं बघत हुती. मला म्हणाली, लय वाळलीयास गं."

तलावाच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे रिटायर सुभेदार. नदीकाठी ऊस, जतकडे द्राक्षबाग, बागेला भलंमोठं शेततळं. आम्ही अर्ज घेऊन गेलो तर बाईला बघून ते खुर्चीतून ताडकन उठले. चक्क सॅल्यूट ठोकला.

"मॅडम! तीन पोस्टिंगा तुमी आमच्या ट्रंकेत हुता. बर्फात बी."

"आवं, मग एखादं कांबळं तरी टाकायचं हुतं की माज्यावर," बाई म्हणाली.

सुभेदारसाहेब कानापर्यंत लाल झाले आणि अर्जावर तिथल्या तिथे सही केली. आम्ही सगळ्याजणी पोट धरून हसलो. आता ते आठवलं की माझे दात एकमेकांवर घासतात.

पहिल्या दिवशी बाईने पोरींना पाण्यात उतरवलंच नाही. पिशवीतून एक साधी सुती साडी काढली, तलावात बुडवली आणि काठावर ओढून घेतली. "उचला." एकेकीने उचलली. सुजाताला दोन्ही हात लावावे लागले.

"ही एवढी घिऊन तुमची आय शेततळ्यात पडली, तर वर कशी येणार?"

शेततळं तुम्ही बघितलं असेल. आता जिकडेतिकडे आहेत. आत काळा प्लास्टिकचा कागद, वर शेवाळ. पाय टेकत नाही, हात धरत नाही. बाई पाणी काढायला वाकते, पाय सरकतो, साडी पायांत गुंडाळते आणि संपलं. पुरुष निदान पोहायला तरी शिकलेले असतात. कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून पोरांना पाण्यात ढकलतात. पोरींना कुणी ढकललंय? पोरगी काठावर. भावाचे कपडे सांभाळत.

म्हणून बाईचा पहिला धडा होता कपड्याचा. पाण्यात पडलात तर आधी ओढणी सोडा. मग सलवार उतरवा. तिच्या दोन्ही मोहऱ्यांना गाठी मारा, कमरेकडून धरून डोक्यावरून जोरात पाण्यावर आपटा. आत हवा भरते. कमरेची बाजू पाण्याखाली आवळून धरा आणि फुगलेल्या दोन पायांच्या मध्ये मान घाला. माणूस तरंगतं. पोरी आत गुडघ्यापर्यंतच्या पँटी घालून यायच्या. महिनाभरात सगळ्यांना जमायला लागलं. फुगलेल्या सलवारीला त्यांनी नाव ठेवलं, बाईचा भोपळा. जी सलवार एरवी इंचभर वर गेली तर घरचे ओरडायचे, तीच मानेभोवती घालून पोरी खिदळत तरंगायच्या.

मी पायरीवर बसून फोटो काढायचे. बाई पाण्यातून ओरडायची, "बारावं नाव! कवा उतरणार?"

"मी संघटक आहे, बाई."

"व्हय, कागदावर झ्याक पवतीस तू."

खरं कारण सांगते. मला लाज वाटायची. स्त्रीच्या देहाविषयीची लाज कुणी आणि का लादली, यावर माझं चार पानी पत्रक आहे. तरी मला पोरींसमोर गुडघे उघडे टाकायची लाज वाटायची.

सहा महिन्यांनी कुणीतरी शेजारच्या गच्चीवरून मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात पोरींनी पाण्यात सलवारी उतरवल्या तेवढंच होतं. त्या पुढे फुगवल्या, मानेत घातल्या, ते कापून टाकलेलं. शेवटी बाईचा लाल स्विमसूटमधला फोटो जोडला होता. दोन दिवसांत तो व्हिडिओ घराघरांतल्या फोनवर पोचला. सुजाताला कारखान्याच्या गेटवर पोरं विचारायला लागली, "आज काय काढणार?" चार मुलींच्या घरच्यांनी स्कूटीच्या किल्ल्या काढून घेतल्या.

समितीने बैठक बोलावली. भिंतीला टेकून उभे असलेले लोक संस्कृती, संस्कृती करत होते. त्यांतल्या अर्ध्यांच्या खिशातल्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता. काढून टाकला नव्हता कुणी. सुभेदारसाहेबांनी चष्मा लावला, एक कागद उघडला आणि वाचायला लागले. दुसऱ्याच वाक्याला मी ओळखलं. माझं पत्रक! कुणीतरी ते तक्रारीला जोडलं होतं. 'अर्धनग्न देहाचा बाजार', 'शोभेची बाहुली', सगळं माझं. आणि शेवटी, आवाज चढवून: "ही बाई आपल्या लेकींना काय शिकवणार?"

मी उठले. "ते मी लिहिलंय. चुकीचं लिहिलंय. मी ते मागे घेते."

"ताई, छापल्यालं मागं कसं घ्यायचं? जनतेनं वाचलंय."

"मग हेही वाचा. ही बाई तुमच्या घरातल्या बायकांना जिवंत ठेवायला शिकवते. तुम्ही तिला ट्रंकेत ठेवलं होतंत. तिथे संस्कृतीला थंडी वाजली नाही का?"

आरडाओरडा झाला. मला खाली बसवलं. बाई मागच्या बाकावर होती. ती शांतपणे उभी राहिली आणि एकच गोष्ट विचारली.

"साहेब, तुमच्या शेततळ्याला दोर हाय का?"

सुभेदारांनी कागदाची घडी घातली. बॅच बंद झाली. बायकांची वेळ मुलांच्या स्पर्धेच्या सरावाला दिली.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मी बाईवर चिडले. तुम्ही ओरडत का नाही? शिव्या का देत नाही? ती चपलेत पाय सरकवत म्हणाली, "तू हाईस की त्याला." एवढंच. माझ्या पत्रकाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती जतला परत गेली आणि तिथे तिने दुसरं काम काढलं. जाड नायलॉनचा दोर आणायची, हातभर अंतरावर गाठी मारायची आणि तो शेततळ्याच्या काठाला लोखंडी खुंटीने बांधून आत सोडायची. पडलेल्या माणसाला धरून चढता यावं म्हणून. स्कूटीच्या पुढे दोराचं वेटोळं, मागे हातोडा. मी दोन-तीनदा बरोबर गेले. वस्तीवरच्या बायकांशी कानडीत बोलायची, पदर चिमटीत धरायची, त्या तोंडावर हात ठेवून हसायच्या. किती तळ्यांना दोर बांधले, ते तिने कधी मोजलं नाही. दोराला कुणाचीच हरकत नव्हती. दोराला अंग नसतं ना.

एके दिवशी मला सुभेदारसाहेबांचा फोन. "ताई, त्या मॅडमना सांगा... आमच्या तळ्यालाबी एक... नाती येत्यात सुट्टीला."

मी फोन आपटला. बाईला सांगितलं, जाऊ नका. ती दुसऱ्याच दिवशी जाऊन बांधून आली.

"का गेलात?"

"तळं काय त्याचं एकट्याचं हाय व्हय? पोरी हाईत तिथं."

मागच्या थंडीत ती गेली. हृदयाचा झटका आला, तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी आणि सुजाता गावी पोचलो तेव्हा भावाच्या घरच्यांनी तिला नेसवलेलं होतं. आत एक साडी, वर हिरवी काठापदराची, त्यावर पांढरं, त्यावर शाल. हनुवटीपासून अंगठ्यापर्यंत इंचभर उघडं नव्हतं. जिवंतपणी जमलं नाही ते त्यांनी पुरं करून घेतलं होतं. मी खाली बसले आणि त्या हिरव्या पदराचं टोक चिमटीत धरलं. दोनदा चोळलं.

तोवर फोनवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. तोच लाल फोटो, गळ्याच्या खाली काळा पट्टा मारलेला. तीस वर्षं टक लावून बघितलं आणि आता पट्टा! सुभेदारसाहेब आले, हात जोडून उभे राहिले. डोळे ओले होते, नाही म्हणत नाही. मी तिथेच म्हणाले, "बॅच सुरू करा."

"बघू," ते म्हणाले.

तेराव्यानंतर आम्ही नवा अर्ज दिला. बारा नावं, शिकवायला सुजाता. तो अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. मी चार वेळा गेले. बघू, बघू, बघू, बघू.

गेल्या रविवारी आम्ही अर्जाची वाट बघणं थांबवलं. बाराजणी स्कूटींवरून निघालो ते थेट सुभेदारसाहेबांच्या द्राक्षबागेत. परवानगी मागितली नाही. भर दुपारची वेळ. तळ्यात बाईचा दोर तसाच होता, प्रत्येक गाठ शाबूत. सुजाता आणि चांगलं पोहता येणाऱ्या दोघी आधी उतरल्या. बाकीच्या दोरापाशी रांगेत उभ्या राहिल्या.

रविवारी सुभेदारसाहेब बागेतल्या घरीच असतात, गड्याने कळवलं असणार. ते धापा टाकत आले.

"अगं, काय लावलंय हे? कुणी बघंल!"

सुजाता पाण्यातूनच म्हणाली, "तुमी तरी नका बघू, आण्णा. पाठ करा, न्हाईतर दोर धरा."

मला वाटलं, आता पोलिसांना फोन करतील. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आमच्याकडे पाठ केली. पण गेले नाहीत. दोराच्या खुंटीशी आले आणि तिच्यावर एक पाय घट्ट रोवून बागेकडे बघत उभे राहिले. एवढ्याने मी त्यांना माफ केलेलं नाही. अर्ज अजून खणातच आहे.

सुजाता वर आली. निथळत माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या कुर्त्याची बाही चिमटीत धरून दोनदा चोळली.

"वल्लं झालं की किती भरंल हे, ताई?"

मी ओढणी काढून काठावर ठेवली. दोराची पहिली गाठ धरली, मग दुसरी. प्लास्टिक तळपायाखाली सरकत होतं, पाणी थंड होतं. तिसरी गाठ धरून मी पुढचं पाऊल टाकलं, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं.